हे बरं, की हे?

दिवसातून निदान दीडशे वेळा ती एकच प्रश्न विचारायची. "हे बरं, की हे?"

चष्म्याच्या दुकानात मागे, पडद्याआड, एक उंच खुर्ची होती. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वरचं अक्षर डोक्याएवढं, खालची ओळ मुंग्यांएवढी. खुर्चीत बसलेल्याच्या नाकावर जड लोखंडी फ्रेम ठेवायची, तिच्यात एक काच सरकवायची, ती काढून दुसरी सरकवायची आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" पहिल्या 'हे'ला आवाज जरा वर, दुसऱ्याला जरा खाली, मधे बरोब्बर एका श्वासाची जागा. बावीस वर्षांत चाल बदलली नव्हती. समोरचा न्हावी तर गिऱ्हाइकाच्या मानेमागे आरसा धरून तिच्याच चालीत विचारायचा, "हे बरं, की हे?" दुसरं 'हे' कुठलं ते त्यालाही ठाऊक नसायचं, कारण केस कापून झालेले असायचे.

सगळे तिला नंबरताई म्हणत. तिच्या खुर्चीत माणूस बसला की पाच मिनिटांत ती त्याला आरपार ओळखायची. घाईवाले, "पहिलं, पहिलं, पहिलं," काच बसायच्या आधीच. भिडस्त, "दोन्ही छान आहेत हो, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?" पडदा सरकवून नवऱ्याला हाक मारणाऱ्या, "अहो, ह्यातलं कुठलं बरं?" आणि बाहेरून येणारं उत्तर, "मला काय विचारतेस? डोळे कुणाचे आहेत?" आणि सगळ्यांत अवघड म्हणजे तक्ता पाठ करून येणारे. अशा माणसाला सगळं दिसतं, कारण त्याला काहीच बघायचं नसतं.

एवढी सगळी माणसं ओळखणारी ही बाई एका सोमवारी स्वतःच खुर्चीत सापडली.

दुकान काकांचं. काका म्हणजे नात्यातले कुणी नव्हेत. ते सगळ्यांचेच काका होते. त्यांनीच तिला काम शिकवलं. काका वाक्य कधी पुरं करत नसत, क्रियापद समोरच्यानं घालायचं अशी त्यांची रीत. त्या सकाळी ते काउंटरशी उभे राहिले आणि उजवा हात पुढे धरला. हात थरथरत होता.

"बघ. आता हा हात म्हणजे..."

"थरथरतोय," ती म्हणाली.

"तर मुलगी म्हणते, बाबा, आता आमच्याकडे येऊन..."

"राहा."

"तर मी म्हणतो, हे दुकान तू..."

इथे मात्र तिला क्रियापद सापडेना. काकांनीच आयुष्यात पहिल्यांदा वाक्य पुरं केलं. "घे. चालव. पाटी, यंत्रं, गिऱ्हाईक, सगळं तुझं. नाही म्हणालीस तर शेजारचा चपलवाला जागा मागतोय. शनिवारी दुपारी बारा वाजता तो..."

"येईल."

"तेव्हा त्याला मी काय..."

"सांगू." आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "हो काका. घेते."

इतकी सरळ गोष्ट. दुपारी फोन वाजला नसता तर ही कथा इथेच संपली असती. फोन डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यातल्या मॅडमचा होता. तीन वर्षांपूर्वी नंबरताईनं तिथे अर्ज टाकला होता आणि विसरूनही गेली होती. मॅडमच्या बोलण्यात श्वास घ्यायची जागा नव्हती, जिथे जागा व्हायची तिथे त्या 'ओके' बसवायच्या.

"एक जागा रिकामी झालीये, ओके? आठ ते चार, ओके? रविवार सुट्टी, पेन्शन, नवीन मशीन, खुर्ची बटणावर वरखाली होणारी, ओके? शनिवारी बाराच्या आत स्वतः येऊन सही करायची, नाहीतर यादीतल्या पुढच्याला बोलावणार, ओके?"

"ओके," नंबरताई म्हणाली. प्रत्येक ओकेला एक ओके. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की एकाच दिवसात ती दोन ठिकाणी हो म्हणून बसली आहे, आणि दोन्ही हो अगदी मनापासूनचे आहेत.

संध्याकाळी घरी आई होती. आईशी बोललं की डोकं साफ होतं असं नंबरताईला दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी उलटंच व्हायचं.

"मला विचारू नकोस," आई म्हणाली. "मी काही बोलणार नाही. पण पेन्शन म्हणजे पेन्शन. म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

"मग दवाखान्यात जाऊ?"

"जा की! ज्या माणसानं हात धरून शिकवलं, त्याच्या दुकानात चपला टांगलेल्या बघायच्या. जा, खुशाल जा."

"मग दुकान घेऊ?"

"घे ना. आणि यंत्र बिघडलं, गिऱ्हाईक तुटलं, की ये रडत माझ्याकडे."

"आई, तुझं म्हणणं तरी काय आहे?"

"माझं? मी कुठे काय म्हटलं?"

मंगळवारी दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना, नंबरताई बसमध्ये बसली. दवाखाना नववा थांबा. पहिल्या थांब्यावर दवाखाना म्हणजे नुसता थंडगार वारा होता. चार वाजता सुटका. रविवारी झोप. बिघडलेल्या यंत्राची काळजी दुसऱ्या कुणाला तरी. तिसऱ्या थांब्यापर्यंत ती मनातल्या मनात बटणाची खुर्ची वरखाली करत होती. पाचवा थांबा मागे पडल्यावर कुठूनसा एक विचार टोचला. तिथे आपल्याला नंबरताई कोण म्हणणार? 'टेबल तीन' म्हणतील. सहाव्या थांब्यावर वाटलं, नव्या मशीनमध्ये काचा सरकवायच्याच नसतील तर? सातव्याला तिनं पर्स उघडून परतीचे सुटे पैसे मोजले. आठव्याला त्या मॅडमचं 'ओके' कानात घण घालायला लागलं. दवाखान्याच्या फाटकाशी पहारेकरी म्हणाला, "कुणाकडे जायचंय?" आणि नंबरताई म्हणाली, "कुणाकडेच नाही. चुकून आले." आणि सरळ परत फिरली.

आता गंमत बघा. परतीच्या बसमध्ये दवाखाना जसजसा मागे पडला तसतसा तो परत गोड व्हायला लागला. आणि दुकान जसजसं जवळ आलं तसतशी त्याच्यातली भुतं बाहेर पडायला लागली. शटर खाली ओढताना कंबर कुणाची? उद्या एखादा नंबर चुकला तर वर बघायला काका कुठे? शटरसमोर ती उतरली तेव्हा तिला परत दवाखान्यात जावंसं वाटत होतं.

बुधवारी परत तेच. या वेळी मात्र तिनं शोध लावला. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, पाचव्या थांब्यावर काही क्षण अगदी शांत वाटायचं. तिथून दोन्ही सारखंच लांब, दोन्ही सारखंच गोड, दोन्हींची सारखीच भीती. ती तिथेच उतरली आणि रंगाच्या दुकानापुढच्या बाकावर जाऊन बसली. कायमचं इथेच बसता आलं तर किती छान, असं तिला खरोखर वाटलं.

रंगवाला बाहेर आला. हातात दोन पट्ट्या. "या ना ताई. भिंतीसाठी ना? हा बघा पांढरा, आणि हा दुधी. कुठला बरा वाटतो?"

नंबरताईनं डोळे बारीक करून बघितलं. दोन्ही पांढरेच होते.

"जरा उजेडात बघा," रंगवाला म्हणाला. "हा? की हा?"

ती उठली आणि चालायला लागली. मागून तो ओरडत होता, "ताई, अजून तिसरा पण आहे! मोतिया!"

गुरुवारी ती दुकानात होती, म्हणजे तिचं शरीर होतं. त्या दिवशी हेडसरांचा नवा चष्मा बनवायचा होता. हेडसर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. त्यांना गोल फ्रेम लागायची, चाळीस वर्षं तीच. आता साध्या फ्रेमची उजवी काच डावीकडे बसूच शकत नाही, आकारच वेगळा असतो. पण गोल फ्रेममध्ये कुठलीही काच कुठेही बसते, वर गोल गोल फिरतेसुद्धा. म्हणून तिथे डोळ्यांत तेल घालून काम करायचं, काचेवर शाईचे तीन तीन ठिपके काढून, उजवी कुठली, डावी कुठली, ठिपक्यांची आडवी रेघ कुठे, सगळं जुळवून मगच बारीक स्क्रू आवळायचा. नंबरताईनं ठिपके काढले. आणि स्क्रू आवळताना मनात म्हणाली, आठ ते चार. मग म्हणाली, पण पाटी तशीच राहील.

हेडसर चष्मा घालून म्हणाले, "जरा गरगरतंय."

"नवीन नंबर आहे सर. दोन दिवस गरगरेल, मग सवय होईल." हेही ती बावीस वर्षं म्हणत आली होती.

शुक्रवारी गिऱ्हाईक नव्हतं. तिनं एक मोठा कागद घेतला आणि तक्त्यासारखी कारणं लिहिली. सर्वांत मोठं कारण सर्वांत मोठ्या अक्षरात, मग लहान, मग आणखी लहान. डावीकडे दुकान, उजवीकडे दवाखाना. कागद भिंतीवर टांगला, खुर्चीत बसली, स्वतःचा चष्मा काढला. जे इतक्या लांबून दिसेल तेच खरं, बाकी सगळी मुंग्यांची रांग, असा तिचा हिशेब. आणि तिला सगळंच दिसलं. वरपासून खालपर्यंत, शेवटच्या ओळीसकट. तिनं चष्मा न घालता घडाघडा वाचून काढलं.

"कसं काय...?" काका पडद्यातून डोकावून म्हणाले.

"पाठ झालंय काका," ती म्हणाली. "पाठ झालेला तक्ता काय कामाचा?" आणि कागद काढून चुरगाळला.

शनिवारी साडेदहाला चपलवाला येऊन बाकावर बसला, हातात मोजपट्टी. बोलताना तो माणसाच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचा. "मी आपला लवकरच आलो. चालू द्या तुमचं निवांत. ताई, तुमचा पाय सहा ना?"

ती काही बोलणार तेवढ्यात दारातून हेडसर आले. म्हणजे आधी त्यांचा हात आला, तो दाराची चौकट चाचपत होता.

"बाई," हेडसर म्हणाले, "मुद्दा पहिला. जमीन तिरकी झालेली आहे. मुद्दा दुसरा. कुत्रा जिथे दिसतो तिथे नसतो. मुद्दा तिसरा. काल संध्याकाळी मी माझ्याच जिन्याला साष्टांग नमस्कार घातला."

"अहो सर! मग कालच का नाही आलात?"

"आपणच म्हणालात, सवय होईल. मी सवय करत होतो."

तिनं चष्मा यंत्राखाली धरला. उजवी काच डावीकडे होती, डावी उजवीकडे. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा बिचारा माणूस दोन दिवस माझी चूक सवय म्हणून घालून फिरतोय! आणि लगेच दुसरा विचार आला, तो जास्त वाईट होता. नव्या चष्म्यानं गरगरतं तसंच चुकीच्या चष्म्यानंही गरगरतं. पहिले दोन दिवस फरक कळणार कसा?

"चूक माझी आहे सर. बसा, एकदा नंबर परत बघते."

हेडसर खुर्चीत बसले. लोखंडी फ्रेम, एक डोळा झाकलेला, काच सरकव, काच काढ. "हे बरं, की हे?"

"पहिलं."

"आता? हे बरं, की हे?"

"दुसरं."

"आता?"

हेडसरांनी मान पुढे काढून बघितलं. मग परीक्षेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखे म्हणाले, "दोन्ही सारखंच दिसतंय. नापास का?"

"नाही सर, पास. दोन्ही सारखं दिसलं की नंबर मिळाला. तिथेच थांबायचं."

"आणि पुढे विचारलं तर?"

"पुढे विचारत बसलं की माणूस काहीतरी ठोकून देतो. मी पुढे विचारतच नाही. चष्मा बनवायला घेते."

हे ती म्हणाली आणि तिच्या हातातली काच तशीच राहिली. बुधवारी रंगाच्या दुकानापुढे दोन्ही सारखंच झालं होतं. म्हणजे बुधवारीच प्रश्न संपला होता, आणि गेले तीन दिवस ती स्वतःला काहीबाही ठोकून देत होती? पण मग बनवायला काय घ्यायचं? डोळ्याचं एक बरं असतं, दोन्ही काचा सारख्या दिसल्या की कुठलीही घातली तरी चालतं. इथे एक घातली की दुसरी जन्मात मिळणार नाही.

घड्याळात सव्वाअकरा. बसला पंचवीस मिनिटं लागतात. साडेअकराला निघालं तर सही होते. आणि हेडसरांचा चष्मा नीट बसवायला अर्धा तास हवा. खिशातला जुना चष्मा जिन्यावर पडताना फुटला होता.

तिला मनापासून बरं वाटलं. सुटले! आता मी काही ठरवायलाच नको. हेडसर असे आंधळ्यासारखे बसलेत, काकांच्या हाताला कंप आहे, मला जाताच येत नाही. माझा काय दोष?

"तू जा," काका म्हणाले. फोनवरचं बोलणं त्यांनी सोमवारीच ऐकलं होतं, इतके दिवस बोलले मात्र नव्हते. "काचा मी..."

"तुम्ही? अहो, तुमचा हात..."

काकांनी दोन्ही हात काउंटरवर उताणे ठेवले. पानसुद्धा हलत नव्हतं. "आज हात..."

बरा होता. खरंच बरा होता. नंबरताई त्या हातांकडे बघत राहिली. तिला इतका राग आला की विचारू नका. नेमका आजच थरथरायचा थांबला! एका खांद्यावर पर्स, एका हातात स्क्रू आवळायचा पेचकस, आणि चार माणसं तिच्याकडे बघतायत. म्हणजे काका बघतायत, हेडसर साधारण तिच्या दिशेला बघतायत, समोरून न्हावी बघतोय आणि चपलवाला तिच्या पायांकडे.

पाय हलले. ते दाराकडे निघालेत असं तिला एक क्षण वाटलं. मग पर्स काउंटरवर होती आणि ती कामाच्या टेबलाशी बसलेली होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "काचा मीच बसवते."

"म्हणजे हे तुझं..."

"उत्तर म्हणू नका काका. एवढ्यात नको. मला माहीत नाही हे काय आहे ते."

तिनं काचा काढल्या, पुसल्या, ठिपके काढले. उजवी. डावी. आडवी रेघ आडवी. या वेळी मनात आठ ते चार नव्हतं आणि पाटीही नव्हती, नुसते तीन ठिपके होते. स्क्रू आवळला तेव्हा बाराला दहा मिनिटं होती. तिनंच फोन उचलला. काय बोलायचं ते नंबर फिरवेपर्यंत तिला माहीत नव्हतं. बहुतेक अर्धा तास मागणार होती.

"निघालात ना? ओके?" मॅडम म्हणाल्या.

"नाही," नंबरताई म्हणाली.

पलीकडे एक श्वास घेतला गेला, बहुधा त्या बाईंचा आठवड्यातला पहिलाच. "नाही म्हणजे उशीर होतोय, की येत नाही?"

हे, की हे. चालसुद्धा तीच.

"येत नाही," नंबरताई म्हणाली.

"ओके," मॅडम म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

आणि त्याच क्षणी तिला ती बटणाची खुर्ची दिसली. हळूहळू वर जाणारी. तिच्यावर दुसरंच कुणी बसलं होतं आणि रविवारच्या झोपेनं त्याचा चेहरा टवटवीत होता. तिला रडू आलं, मग हसू आलं. घसा मात्र दोन्हींसाठी एकच असल्यामुळे खोकला बाहेर पडला.

चपलवाल्यानं मोजपट्टी गुंडाळली. "ठीक आहे ताई. मन बदललं तर मी आपला शेजारीच आहे. आणि सहाचा नवा माल आलाय."

"सर, बाहेर दहा पावलं चालून या," ती हेडसरांना म्हणाली. हेडसर दहा पावलं मोजून गेले, मोजून आले. एका कुत्र्याकडे त्यांनी खाली वाकून नीट बघितलं. "मुद्दा पहिला. जमीन सरळ आहे. मुद्दा दुसरा. कुत्रा जागेवर आहे." मग थांबून त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तुम्ही का अशा भिंत धरून उभ्या आहात?"

"गरगरतंय जरा."

"नवीन आहे. सवय होईल," हेडसर म्हणाले आणि निघून गेले. चेष्टा होती की धीर, ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

काकांनी कमरेची किल्ली काढली. "तर ही आता..."

"माझी," तिनं वाक्य पुरं केलं. किल्ली घेताना जुडगा खुळखुळ वाजत होता. काकांचा हात थरथरत होता, सोमवारपेक्षा जास्तच. मघाशी तो खरंच बरा होता, की त्यांनी तो काउंटरवर दाबून धरला होता? तिनं विचारायला तोंड उघडलं. काका रुमालानं कपाळ पुसत रस्त्याकडे बघत होते. तिनं तोंड मिटलं.

आईला फोन केला. "दुकान घेतलं, आई."

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होते."

"काय म्हणत होतीस?"

"हेच!"

दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं. तरणाताठा ड्रायव्हर, घाईवाल्यांपैकी. खुर्ची जुनीच, वर करायला पायानं तीनदा दाबावी लागणारी. नंबरताईनं काच सरकवली, काढली, दुसरी सरकवली.

"हे बरं, की हे?"

"पहिलं!" ड्रायव्हर ठणकावून म्हणाला.

"नक्की?"

बावीस वर्षांत तिनं हा शब्द कधी वापरला नव्हता. ड्रायव्हरनं लोखंडी फ्रेमसकट मान वळवली. "आता तुम्ही असं विचारलंत तर... थांबा हो. परत दाखवा ना जरा."

"दाखवते," नंबरताई म्हणाली, आणि दोन्ही काचा हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली, कारण मघाची पहिली कुठली ते ती विसरली होती.